नगराळे स्टेनोंची सुटलेली ओळ

धम्मानंद नगराळे वकील नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण इंदोरा वस्तीतल्या निम्म्या लोकांना ते वकील वाटत आणि उरलेल्यांना रिटायर जज्ज. ते स्टेनो होते. चौतीस वर्षं हायकोर्टात साहेब बोलायचे आणि नगराळे लिहून घ्यायचे, मग टाइप करायचे, मग साहेबांनी केलेल्या दुरुस्त्या पुन्हा टाइप करायचे. हजारो निकाल त्यांच्या बोटांखालून गेले. एवढा कायदा बोटांखालून गेला की थोडा तरी चिकटतोच. नगराळ्यांना बराच चिकटला होता.

रिटायर झाल्यावर माणसं पहाटे फिरायला जातात, नातवंडं शाळेत सोडतात, एकमेकांची शुगर विचारतात. नगराळ्यांनी एका लहानशा दैनिकात सदर सुरू केलं. दर मंगळवारी, पान सहा, 'निकालाचा अर्थ'. वेबसाइटवरून निकाल उतरवून घ्यायचे, वाचायचे आणि इंग्रजीचा कागद हातात धरायला भिणाऱ्या माणसालाही कळेल अशा मराठीत सांगायचे. सदराचे दोन भाग असत. पहिल्याचं नाव 'निकाल काय', दुसऱ्याचं 'तुम्हाला काय'. पहिला भाग नगराळे जीव ओतून लिहीत. लोक वाचत मात्र दुसराच. साहजिक आहे हो! कोर्टानं कोण्या परक्याचं काय केलं याच्याशी कोणाला कर्तव्य? आपल्याला त्यातून काय मिळतं ते बोला.

आणि लोक नुसतं वाचून थांबत नसत. कात्रण कापत, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून घेत आणि पिशवीत घालून हिंडत. कोणी ते घरमालकाच्या नाकासमोर धरलं, कोणी तलाठ्याच्या. मौद्याच्या एका म्हाताऱ्याचं नाव त्या जोरावर खरंच सातबाऱ्यावर चढलं. तो सोनपापडीचा डबा घेऊन घर शोधत आला, आणि नगराळ्यांचे पाय आठ दिवस जमिनीला लागले नाहीत.

पण हे पहिल्या-दुसऱ्या वर्षातलं. सहा वर्षं झाली तसा माणूस शिणला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. दारावर कोणी आलं नाही असा दिवस जाईना. "काकाजी, माह्या केसमधी काय होईन?" हा एकच प्रश्न, फक्त विचारणारं तोंड वेगळं. त्या तोंडांवरची आशा पाहून नगराळ्यांना थकवा यायचा. खरं सांगायचं तर रागही यायचा. बाप्पा, मी काय निकाल घरी बनवतो का?

"बंद करा न ते सदर," कांताबाई म्हणायच्या. नगराळ्यांच्या बायकोला गोड बोलायची सवय नव्हती. "डोळ्यातून पाणी गळून राहिलं, तरी वाचून राहिले. कोणासाठी?"

"लोकायसाठी वं."

"लोकायले तुम्ही नाई भेटले तर दुसरा कोणी भेटन. मले दुसरा कुठून आणू?"

यावर नगराळे हसत आणि पुढचा निकाल उघडत.

एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे बारा वाजून गेले होते, नगराळे कूलरच्या टाकीत पाणी ओतत होते, आणि फाटकाशी दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एक पन्नाशीची, डोक्यावर पदर घट्ट ओढलेली. दुसरी विशीच्या आतली, तोंडाला दुपट्टा बांधलेला.

"रामराम भाऊ. पेपरात लिवते ते नगराळे साहेब तुम्हीच का जी?"

"साहेब नाही, नुसता नगराळे. या, आत या. उन्हाचं बाहेर नका उभ्या राहू."

त्या पार्वतीबाई रेवतकर आणि त्यांची मुलगी नंदिनी. नरखेड तालुक्यातून पहाटेच्या एसटीनं निघालेल्या. कांताबाईंनी माठातलं पाणी दिलं. पार्वतीबाईंनी पाणी प्यायच्या आधी पिशवीतून कात्रण काढलं. लॅमिनेशन केलेलं. कडा पिवळ्या पडलेल्या, पण अक्षरं शाबूत. वर नगराळ्यांचा फोटो, तोही जुना, केस काळे असतानाचा.

हकीकत सरळ होती. पार्वतीबाईंचा नवरा सरकारी कार्यालयात शिपाई होता. सात वर्षांमागे वारला. तेव्हा नंदिनी बारा वर्षांची. बाप नोकरीत असताना गेला तर घरातल्या एकाला अनुकंपेवर जागा मिळते, हे गावात सगळ्यांनाच माहीत. पार्वतीबाईंना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून त्यांनी तेव्हाच अर्ज देऊन ठेवला की पोरगी मोठी झाली की तिला घ्या. नियम असा, की पोरगी अठराची झाली की वर्षाच्या आत तिनं स्वतः अर्ज करायचा. नंदिनी अठराची झाली. चार महिन्यांनी नगराळ्यांचा लेख आला.

लेख एका मुलाच्या केसवर होता. त्यानं उशिरा अर्ज केला, पण त्याच्या आईच्या जुन्या अर्जात त्याचं नाव होतं म्हणून कोर्टानं तो मान्य केला. आणि खाली, 'तुम्हाला काय' मध्ये, नगराळ्यांनी ठसठशीत लिहिलं होतं: 'आईनं पूर्वी अर्ज दिलेला असेल आणि त्यात मुलाचं नाव असेल, तर सज्ञान झाल्यावर मुलानं नव्यानं अर्ज करण्याची आता गरज नाही.'

"मंग आम्ही नाही केला," पार्वतीबाई म्हणाल्या. "म्हटलं, नाव तं आहेच. बोलावतीन. दीड वर्ष वाट पाहिली. आता गेलो तं तो बाबू म्हणते मुदत गेली. हे दाखवलं तं म्हणते हा पेपर आहे, जीआर नाही. तुम्ही याच्यावर सही करून द्या न जी. शिक्का असन तं शिक्का मारा. मंग ऐकन तो."

नगराळ्यांच्या मस्तकात गेलं. "ऐकत कसा नाही? कोर्टाचा निकाल आहे! थांबा, पूर्ण निकालाची प्रिंटच काढून देतो. आदळा त्याच्या टेबलावर."

ते तरातरा आतल्या खोलीत गेले. कॉम्प्युटरवर निकाल सापडला. अकरा पानं. शेवटच्या पानावर जजसाहेबांची सही आहे का पाहावं म्हणून ते खाली गेले, आणि सहीच्या अगदी वर त्यांना ती ओळ दिसली.

'हा आदेश केवळ या प्रकरणाच्या विशिष्ट परिस्थितीत दिलेला असून तो इतर प्रकरणांत दाखला म्हणून वापरता येणार नाही.'

आता ही ओळ कशी सुटली, ते सांगायला पाहिजे. दुसऱ्या कोणाची सुटली नसती. कॉलेजातलं पोरगंही शेवटचं पान वाचतं. पण नगराळ्यांनी ही ओळ चौतीस वर्षांत एवढ्या वेळा लिहिली होती की लघुलिपीत त्यांनी तिच्यासाठी एकच खूण करून ठेवली होती, एक आकडी आणि तिच्या पोटात टिंब. साहेब नुसतं 'या प्रकरणाच्या' एवढं म्हणाले की नगराळ्यांची आकडी काढून झालेली असे, पेनाला टोपण लागलेलं असे आणि मन चहाच्या टपरीवर पोचलेलं असे. ती ओळ म्हणजे त्यांच्यासाठी वाक्यच नव्हतं. ती सुटीची घंटा होती. शाळा सुटल्यावर घंटा कोण ऐकत बसतं?

आणि त्याच ओळीनं सांगितलं होतं, की बाबांनो, 'तुम्हाला काय' असं विचारू नका. तुम्हाला काहीच नाही.

नगराळे खुर्चीत बसून राहिले. बाहेरून कूलरचा आवाज येत होता. त्यांच्या मनात काय काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या दहा पानांची प्रिंट काढावी. खाली सही ठोकावी. बायका आशीर्वाद देत जातील, बाबू पुन्हा हाकलेल, आणि खापर फुटेल सरकारच्या डोक्यावर. सरकारला खापराची सवय आहे. एवढं सोपं होतं ते! आणि आपण सदुसष्ट वर्षांचे आहोत, थकलो आहोत, एका मंगळवारच्या एका ओळीसाठी या वयात किती मरायचं माणसानं?

कांताबाई डोकावल्या. "काय झालं? चेहरा काहून असा झाला?"

"माह्यानं एका पोरीची नोकरी गेली वं."

कांताबाईंनी एकदा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "मंग बाहेर जाऊन तिले सांगा. अंदर बसून मले काय सांगता?"

ते बाहेर आले आणि सांगितलं. लपवाछपवी न करता, पण मान खाली घालून. ओळ वाचून दाखवली. पार्वतीबाईंना नीट कळलं नाही, की कळून पटलं नाही, त्या कात्रणाकडेच पाहत होत्या. नंदिनीला कळलं. तिनं तोंडावरचा दुपट्टा ओढून काढला.

"फॉर्म भरून ठेवला होता, काकाजी! फोटो चिटकवला होता. आई म्हणे, जाऊन देऊन येऊ, एक दिवस मोडला तं मोडला. मीच म्हटलं, काहून फुकटची चक्कर मारतं, पेपरात आलं न. मी वाचून दाखवला हिले तुमचा लेख. दोनदा वाचला. आता मोसंबीच्या शेडमधी पेट्या भरून राहिली मी. तुम्ही शेवटचं पान नाही वाचलं म्हणून?"

"हो," नगराळे म्हणाले.

दुसरं काय म्हणणार होते?

"मंग याले फाडू का?" पार्वतीबाईंनी विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं. आणि फाडायला गेल्या, तर ते फाटेना. लॅमिनेशन ते! नुसतं वाकायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं, नगराळ्यांच्या काळ्या केसांसकट. शेवटी कांताबाईंनी त्यांच्या हातातून ते अलगद काढून घेतलं आणि म्हणाल्या, "राहू द्या बाई. कामी पडन. आधी दोन घास खा."

वैदेही देशकर ही ओळखीतली वकील. ती कॉलेजात असताना नगराळ्यांनी तिचे लेख टाइप करून दिलेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, एक रस्ता आहे. न्यायाधिकरणात जाऊ. उशीर माफ करा म्हणू. उशीर का झाला, तर पेपरातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून. पण कात्रणानं भागणार नाही. ज्यानं लिहिलं त्याचं प्रतिज्ञापत्र लागेल, की मी चुकीचं लिहिलं."

"लाव."

"थांबा, पूर्ण ऐका. सरकारी वकील तुम्हाला सोलून काढतील. आणि ते कागद कायमचे राहतात. पुढं तुमच्या लिहिण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही."

"लाव म्हटलं न पोरी. मी चौतीस वर्षं दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं वाचली, माझं एक होऊ दे."

मसुद्यात वैदेहीनं 'नजरचुकीनं' असं लिहिलं होतं. नगराळ्यांनी तो शब्द खोडला. "नजर चुकली नाही. नजर तिथं गेलीच नाही. 'मी शेवटची ओळ वाचली नाही' असं लिही." मग दोघं नोटरीकडे गेले. बाहेर चहाच्या टपरीवर जुने दोन सहकारी भेटले. "काय नगराळे, आज कोणाच्या केसमध्ये?" "माझ्याच," म्हणून ते पुढं झाले.

पेपराचं काय? तिथला संपादक पुष्कर, भला मुलगा, पण सदा घाईत. नगराळ्यांनी त्याला फोन केला, की मला शुद्धिपत्र द्यायचं आहे.

"दीड वर्षापूर्वीच्या लेखाचं? काका, लोक विसरलेसुद्धा."

"जे विसरले नाहीत त्यांचं काय करू? त्यांनी लॅमिनेशन करून ठेवलं आहे, पुष्कर."

पुष्करनं चार ओळी छापल्या, संत्र्याच्या बाजारभावाखाली. त्या मंगळवारी नगराळ्यांनी सदर बंद केलं. कोणी अडवलं नाही. आश्चर्य म्हणजे दारावरची माणसंही महिन्याभरात कमी झाली. शांतता मिळाली, आणि ती घशाखाली उतरेना. कधी कधी दुपारी कुठल्याशा पिशवीतलं दुसरं एखादं कात्रण त्यांच्या डोळ्यांपुढं यायचं, आणि त्यातली कुठली ओळ सुटली असेल या विचारानं ते जुने लेख काढून शेवटची पानं ताडून पाहत बसायचे. तीनशेच्या वर लेख. अजून दोन ठिकाणी ती ओळ सापडली. त्या दोन लेखांचे वाचक कोण, कुठले, काही पत्ता नाही. पुष्करनं आणखी चार-चार ओळी छापल्या.

न्यायाधिकरणात चौदा महिने लागले. कधी सरकारी वकील नाहीत, कधी फाइल नाही, कधी बेंच बसलं नाही. कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते काय उगाच? प्रत्येक तारखेला पार्वतीबाई आणि नंदिनी एसटीनं येत, नगराळे बॅगेत पाण्याची बाटली घेऊन बाहेरच्या बाकावर आधीच बसलेले असत. पहिल्या तीन तारखांना नंदिनी त्यांच्याशी बोलली नाही. चौथ्या तारखेला तिनं एक मोसंबी सोलली, अर्धी आईला दिली, आणि उरलेल्या अर्ध्यातल्या दोन फोडी न बोलता त्यांच्यापुढं धरल्या. नगराळ्यांनी त्या घेतल्या.

सुनावणीत सरकारी वकील म्हणाले, "हे गृहस्थ स्टेनो होते. यांचं काम निकाल लिहून घ्यायचं, अर्थ सांगायचं नव्हे." सगळे हसले. समोर बसलेला स्टेनोही हसला, पण खाली मान घालून लिहिताना.

जुलै महिन्यात निकाल आला. वैदेहीला दुसऱ्या कोर्टात काम होतं, तिनं इंग्रजी प्रत नगराळ्यांच्या हातात दिली. "चांगला आहे, काका. पण..." ती थांबली. "तुम्हीच वाचा."

त्यांनी बाकावर बसूनच तो वाचला, शेवटच्या पानापर्यंत. मग शेवटचं पान पुन्हा वाचलं. पार्वतीबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"काय झालं जी? नोकरी लागली?"

पूर्वीचे नगराळे 'लागल्यातच जमा' म्हणाले असते. "नाही लागली," ते म्हणाले. "उशीर माफ केला. अर्ज मुदतीत आला असं धरायचं. आता नाव यादीत चढन. यादीत नंबर आला की मंग नोकरी. नंबर कधी येईन ते याच्यात नाही."

"पण नाव चढन?"

"नाव चढन."

पार्वतीबाईंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि तशाच रडायला लागल्या. चौदा महिन्यांत त्या पहिल्यांदा रडल्या.

नंदिनी रडली नाही. तिनं पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण काढलं. "काकाजी, मले पूर्ण मराठीत सांगा. मी लिवून घेतो. त्या बाबूच्या समोर मले काय लिवलं ते माहीत पाहिजे."

नगराळे क्षणभर तिच्या हातातल्या पेनाकडे पाहत राहिले. चौतीस वर्षं आपण लिहून घेतलं, आता सांगायची पाळी आली. त्यांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. अर्जदाराचं नाव. बापाचा मृत्यू. आईचा अर्ज. ते सांगत होते, ती लिहीत होती. "हळू, काकाजी." ते हळू झाले. बाकावरून माणसं उठत होती, बसत होती. तेराव्या परिच्छेदाशी ते आले आणि थांबले.

इथं एक सोय होती. इंग्रजी त्या दोघींना येत नव्हतं. तेरावरून चौदावर उडी मारली असती तरी नंदिनीचं तिळभर नुकसान नव्हतं. तेराव्यात तिच्याबद्दल काही नव्हतंच.

"'सदर लेख लिहिणारी व्यक्ती,'" नगराळे म्हणाले, "'कायद्याची पदवीधर नाही.' लिहिलं? 'निकाल शेवटपर्यंत वाचण्याइतकीही काळजी तिनं घेतली नाही. अशा अनभिज्ञ व्यक्तींच्या बेजबाबदार लिखाणानं गरीब पक्षकारांचं अपरिमित नुकसान होतं.'"

नंदिनीचं पेन 'अनभिज्ञ' पाशी थांबलं. "हे कोणाबद्दल?"

"माझ्याबद्दल."

"अनभिज्ञ म्हणजे?"

"ज्याला काही समजत नाही तो."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशीचा राग त्या डोळ्यांत शोधला तर कुठं तरी सापडला असता, पण आता तो वर नव्हता. "हे नाही लिवलं तं चालन, काकाजी. बाबूले याचं काय करायचं?"

"लिही."

"पूर्ण?"

"पूर्ण. ओळ सोडायची नाही."

तिनं लिहिलं. 'बेजबाबदार' मधला एक काना राहिला होता, तो त्यांनी बोट ठेवून दाखवला. मग चौदावा, पंधरावा. उशीर माफ. अर्ज स्वीकारावा. खर्चाबद्दल आदेश नाही. पार्वतीबाई डोळे पुसत विचारत होत्या, की याचं लॅमिनेशन इथं बाहेर कुठं होतं का, म्हणजे बसमध्ये चुरगळायचं नाही.

"आता शेवट," नगराळे म्हणाले. "'हा आदेश केवळ या प्रकरणाच्या...'"

त्यांच्या उजव्या हाताचं बोट आपसूक मांडीवर फिरलं. एक आकडी, पोटात टिंब. थकवा असा आला होता की त्या बाकावरच आडवं व्हावं.

नंदिनीनं पेनाला टोपण लावलं नाही. ती वाट पाहत होती.

"पुढं, काकाजी?"

आणि मग नगराळ्यांनी ती ओळ सांगितली, एक एक शब्द सुटा करून, ती लिहीपर्यंत थांबत थांबत. "विशिष्ट. परिस्थितीत. दिलेला असून. तो. इतर प्रकरणांत. दाखला म्हणून. वापरता येणार. नाही."